जातिवंत घोडा म्हणजे काय?

'खाण तशी माती' ही म्हण आमच्या लोकांच्या तोंडीं इतकी बसली आहे कीं, ती कोणास शिकवावी लागत नाहीं. मुलगा परीक्षेंत नापास झाला कीं बाप कपाळावर हात मारून तीच म्हणतो. सुताराच्या पोरानें पुढच्या शिक्षणासाठीं तालुक्याला जाण्याची गोष्ट काढली कीं चावडीवरचा कोणी शहाणा तीच म्हणतो. आणि या म्हणीला पुरावा मागितला तर हटकून घोडा पुढें करण्यांत येतो. "अहो गुरुजी, जातिवंत घोडा आणि भाडोत्री तट्टू यांत कांहीं फरक आहे कीं नाहीं? शर्यतीचा घोडा काय कुंभाराच्या आव्याजवळ निपजतो?" गेल्या महिन्यांत एका लग्नाच्या मांडवांत हा घोडा आमच्यापुढें पुन्हां एकदां आणून उभा करण्यांत आला. पंगतीची वेळ झाली होती म्हणून त्या दिवशीं आम्हीं तोंड आवरलें. पण साक्षीदार आमच्याविरुद्ध उभा केला आहे, तेव्हां त्याची उलटतपासणी घेण्याचा हक्क आम्हांस आहेच. आजचा अग्रलेख म्हणजे ती उलटतपासणी होय.

प्रथम हा घोडा कोण तें पाहूं. शर्यतींत धांवणाऱ्या ज्या घोड्याला इंग्रजींत थरोब्रेड म्हणतात, तो अनादि काळापासून चालत आलेला प्राणी नव्हे. तो इंग्लंडांत गेल्या सवातीनशें वर्षांत माणसानें घडविला आहे. त्याच्या वंशावळींत तीन मूळ पुरुष सांगतात. पहिला बायर्ली टर्क. हा बायर्ली नांवाच्या एका कप्तानाचा लढाईंतला घोडा, आणि १६९० सालच्या बॉइनच्या लढाईंत तो होता असें सांगतात. दुसरा डार्ली अरेबियन. हा अलेप्पो शहरीं राहणाऱ्या डार्ली नांवाच्या व्यापाऱ्यानें १७०४ सालीं यॉर्कशायरांत आपल्या घरीं पाठविला. तिसरा गोडॉल्फिन अरेबियन; हा ट्यूनिसहून फ्रान्समार्गें इंग्लंडांत आला व १७५३ सालीं मेला. आज जगांत जेथें जेथें हा घोडा आहे, मग तो न्यूमार्केटचा असो, केंटकीचा असो कीं पुण्याचा असो, त्याचा बाप, आजा, पणजा असें मागें मागें गेलें तर या तिघांपैकीं एकाच्या दारांत आपण पोहोंचतों. आणि शंभरांतल्या नव्वदांहून अधिक घोड्यांच्या बाबतींत तें दार डार्ली अरेबियनचेंच असतें.

येथेंच पहिली गंमत. ज्यांच्या नांवावर ही सारी कुलीनता उभी आहे, त्या तिघांची स्वतःची जात कोणती, यावर पंडितांचें अजून एकमत नाहीं. टर्क म्हणविला तो तुर्की होता कीं अरबी होता? गोडॉल्फिनचा घोडा अरबस्तानचा कीं उत्तर आफ्रिकेंतला बार्ब? मूळपुरुषाचेंच गोत्र ठरत नाहीं, आणि वंशजांची कुलीनता मात्र दर लिलांवांत कोटींनीं मोजली जाते. अशीं उदाहरणें आमच्या वाचकांना माणसांतहि सांपडतील.

या घोड्यांची वही आहे. जेम्स वेदर्बी नांवाच्या गृहस्थानें तिचा आरंभीचा भाग १७९१ सालीं छापला आणि पहिला खंड १७९३ सालीं काढला. तिला जनरल स्टडबुक म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रांत बैलावर बसून येणारा हेळवी जसा आपल्या घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितो, तसेंच हें काम. फरक इतकाच कीं, हेळव्याच्या वहीबद्दल आपण पसा दोन पसे दाणे देतों, आणि या वहींत नांव नसेल तर लाखमोलाचा घोडा टांग्याच्याच लायकीचा ठरतो. आपल्याकडेहि अशी वही ठेवणारी संस्था आहे व तिचें ठाणें पुण्यास आहे. शिंगरूं जन्मलें कीं त्याच्या कपाळावरचा चांद, पायांची पांढर, अंगावरचे भोवरे यांची नोंद होते; आणि आतांशा आईबापांची खात्री रासायनिक तपासणीनें झाल्याशिवाय नांव चढत नाहीं. भोवऱ्यांची ही नोंद केवळ ओळख पटविण्यासाठीं असते. सारंगखेड्याच्या किंवा माळेगांवच्या बाजारांत आमचा मनुष्य त्याच भोवऱ्यांवरून धनी मरेल कीं तरेल हें ठरवितो, आणि चांगलें जनावर सोडून परत येतो.

पैदाशीचें काम कसें चालतें तें शेतकरी वाचकांना ऐकावेंसें वाटेल. घोडी सुमारें अकरा महिने गाभण राहते. उत्तरेकडील देशांत प्रत्येक शर्यती घोड्याचा वाढदिवस १ जानेवारीस धरतात, मग तो फेब्रुवारींत जन्मलेला असो वा मे महिन्यांत. म्हणून ज्याचें शिंगरूं जानेवारी-फेब्रुवारींत पडेल त्याचा फायदा. कारण दोन वर्षांच्या शर्यतींत तें तीनचार महिन्यांनीं थोरलें असूनहि बरोबरीचें समजलें जातें. पण घोडी स्वभावतः दिवस मोठे होऊं लागले म्हणजे माजावर येते. यासाठीं हे लोक ऐन थंडींत तबेल्यांत रात्रीं दिवे लावून ठेवितात व घोडीला उन्हाळा आल्याचें भासवितात! तिला आधीं एक दुय्यम घोडा दाखवितात. ती राजी आहे असें दिसलें कीं त्या बिचाऱ्याला मागें ओढून नेतात आणि खरा किंमतवान वळू पुढें आणतात. व्याल्यावर नवव्या दिवसाच्या सुमारास घोडी पुन्हां माजावर येते, तोहि हिशेब धरलेला असतो. शिंगरूं पांचसहा महिन्यांचें झालें कीं आईपासून तोडतात, वर्षाचें झालें कीं लिलांवांत उभें करतात, आणि हाडें पुरतीं भरलींहि नाहींत तों दुसऱ्या वर्षीं त्याच्या पाठीवर खोगीर घालून त्याला धांववितात. आपला कुणबी दोन वर्षांच्या गोऱ्ह्याला मोटेला जुंपीत नसे. पाय मोडून किती कोंवळीं जनावरें फुकट जातात याची कल्पना त्यालाच चांगली येईल.

आणखी एक नियम पहा. गाई-म्हशींसाठीं कृत्रिम रेतनाची सोय झाल्यापासून दूरच्या उत्तम वळूचें बीज गरिबाच्या गोठ्यांत येऊं लागलें. या घोड्यांच्या बाबतींत ती रीत वर्ज्य आहे. घोडी वळूकडे प्रत्यक्ष नेलीच पाहिजे. नाहीं तर शिंगराचें नांव वहींत चढत नाहीं. ऑस्ट्रेलियांत एका गृहस्थानें याविरुद्ध कोर्टांत दावा लावला, पण २०१२ सालीं तो हरला. नियमाच्या समर्थनार्थ कारणें पुष्कळ सांगतात. आम्हांला त्यांतलें एक सहज कळतें. बीज स्वस्त झालें तर वळूवाल्याची मिरास बुडेल!

आतां मुख्य साक्षीकडे वळूं. बापांच्या नांवांचा इतका गजर झाला, पण या घोड्यांच्या आया कोण? इंग्रजांच्या वहीची एक गोष्ट आम्हांला मनापासून आवडली. तिच्यांतील नोंद आईच्या नांवाखालीं होते. घोडीचें नांव वर आणि तिचीं शिंगरें सालवार तिच्या खालीं. आमच्या महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या लेंकराच्या नांवापुढें आईचें नांव लिहावयाचें सरकारनें ठरविलें, तेव्हां केवढी चर्चा झाली! घोड्यांच्या बाबतींत ही सुधारणा सवादोनशें वर्षांमागें झाली होती. परंतु अगदीं पहिल्या पिढ्यांच्या घोड्या मात्र बहुतेक निनांवी आहेत. 'अमक्या सरदाराची घोडी', 'तमक्या घोड्याची लेंक' एवढीच त्यांची नोंद. त्यांच्या पोटीं जो वंश वाढला त्याचें श्रेय सारें परदेशांतून आलेल्या त्या तीन बापांना देण्याची वहिवाट पडली.

या निनांवी आयांचा शोध अलीकडे शास्त्रज्ञांनीं लावला. पेशींत एक अंश असा असतो कीं, तो आईकडूनच लेंकराला मिळतो, बापाकडून नव्हे. त्याची तपासणी करून २०१० सालीं विद्वानांनीं प्रसिद्ध केलें कीं, या जातीच्या मूळ आयांत इंग्लंड व आयर्लंड येथील गांवठी घोड्यांचा भरणा मोठा होता. म्हणजे शेतकऱ्यांच्या, ओझें वाहणाऱ्यांच्या, तेथल्याच मातींतल्या घोड्या. दोन वर्षांनीं, २०१२ सालीं, याहून मोठी गोष्ट बाहेर आली. थोड्या पल्ल्यांत वाऱ्यासारखें धांवण्याचें सामर्थ्य ज्या एका गुणबीजाशीं जोडलें आहे, त्याचा माग काढतां तो अरबी बापांकडे गेला नाहीं. सुमारें तीनशें वर्षांपूर्वींच्या एका घोडीकडे गेला, आणि ती घोडी बहुधा ब्रिटनमधील गांवठीच होती असें त्यांनीं अनुमान केलें. मिरवणूक बापांची निघाली, पण वेग आईनें दिला होता! तिचें नांव कोणत्याहि खंडांत नाहीं.

वहीचीहि गोष्ट ऐका. २००२ सालीं याच तपासणीनें असें दिसून आलें कीं, एकाच आईच्या म्हणून लिहिलेल्या कित्येक शाखा एका आईच्या नाहींतच. कोठें तरी, कोणत्या तरी पिढींत, लिहिणाऱ्याची चूक झाली, किंवा शिंगरूं बदललें, किंवा कोणी खोटें सांगितलें. छापील वही, सरदारांची साक्ष, धन्याच्या पैशाची राखण, इतकें असून घोड्यांची वंशावळ निर्मळ राहिली नाहीं. मग ज्या वंशावळी पोथींत मागाहून घुसडल्या गेल्या, त्यांच्याबद्दल काय बोलावें?

एक्लिप्स नांवाचा घोडा १७६४ सालच्या सूर्यग्रहणाच्या दिवसांत जन्मला. (ग्रहणांत जन्मलेलें पोर अपशकुनी, असें मानणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.) त्याचा धनी राजपुत्र मेल्यावर शिंगरूं लिलांवांत निघालें, तें वाइल्डमन नांवाच्या जनावरांच्या व्यापाऱ्यानें ७५ गिनींस उचललें. याचा बाप मार्स्क तर त्याच सुमारास कवडीमोलानें एका शेतकऱ्यास विकला गेला होता आणि न्यू फॉरेस्ट प्रांतांत साध्या तट्टांच्या घोड्या फळवीत होता. पुढें १७६९ व १७७० या दोन सालांत एक्लिप्स अठरा शर्यती धांवला व एकहि हरला नाहीं. मग काय विचारतां! मार्स्कची शोधाशोध सुरू झाली व तो एका रात्रींत कुलीन ठरला. आज या जातीचे बहुतेक सारे घोडे बापाकडून एक्लिप्सचे वंशज आहेत. लेंकानें नांव काढलें तेव्हां बापाला कूळ मिळालें.

आतां सोंवळ्याची कथा. १९०८ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत घोड्यांवर पैसे लावण्याविरुद्ध कडक कायदा झाला आणि कांहीं वर्षें तेथील शर्यतींचीं मैदानें बंद पडलीं. तेथील घोडे जहाजें भरभरून इंग्लंडांत येऊं लागले. ते धांवण्यांत कमी नव्हते, आणि स्वस्त होते. इंग्रज पैदासवाल्यांच्या पोटांत गोळा उठला. तेव्हां त्यांनीं काय केलें? १९१३ सालीं वहींत एक नियम घातला: ज्या घोड्याचें कूळ आईकडून व बापाकडून मूळापर्यंत अखंड शुद्ध सिद्ध होणार नाहीं, त्याचें नांव यापुढें वहींत चढणार नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत व तत्पूर्वीं कागदपत्र गहाळ झालेले, त्यामुळें तेथील उत्तमोत्तम घोडे या एका ओळीनें 'अर्धजात' ठरले. जर्सी नांवाच्या सरदारावरून या नियमाला जर्सी ॲक्ट म्हणत. पुढच्याच वर्षीं, १९१४ सालीं, डर्बीची थोर शर्यत दरबार नांवाच्या घोड्यानें जिंकली, आणि तो त्या वहीच्या नियमानें बाटगा होता! नियम तरीहि पस्तीस वर्षें टिकला. शुद्धतेची बोली ओठावर व बाजारभाव पोटांत, हा प्रकार आमच्या वाचकांना नवा वाटणार नाहीं.

हा नियम मोडण्यांत एका मराठी घराण्याचा हात लागला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचा 'माय बाबू' नांवाचा घोडा होता. फ्रान्समध्यें निपजलेला, आणि वहीच्या दृष्टीनें डाग असलेला. त्यानें १९४८ सालीं इंग्लंडांतील दोन हजार गिनींची मानाची शर्यत मारली. त्याच सालीं ब्लॅक टार्किन नांवाच्या तसल्याच दुसऱ्या घोड्यानें सेंट लेजर जिंकली. रोज रोज बाटगेच पुढें येऊं लागल्यावर सोंवळ्याचें हंसें होतें. १९४९ सालीं नियम मागें घेण्यांत आला.

परंतु बडोद्याच्या याच दरबारची दुसरी गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १९४५ सालीं डर्बी जिंकणाऱ्या दांते नांवाच्या घोड्याचा सख्खा भाऊ लिलांवांत आला. तो वर्षाचें शिंगरूं होता, एक पाऊलहि धांवला नव्हता. महाराजांनीं त्याला २८,००० गिनी दिल्या. तोंपर्यंत इंग्लंडांत शिंगराला इतकी किंमत आली नव्हती. गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, आणि त्या वेळचा रुपया दीड शिलिंगाचा. आमच्या वर्गांतील मुलांनीं फळ्यावर हिशेब केला: तीन लाख ब्याण्णव हजार रुपये! आणि या घोड्याचें नांव काय ठेविलें? 'सयाजीराव'.

सयाजीराव हें नांव उच्चारतांच ज्यांचे हात आपोआप जोडले जातात, अशीं घरें आमच्या वाचकांत शेंकडों आहेत. नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरांतला, १८६३ सालीं जन्मलेला गोपाळ. १८७५ सालीं दत्तक गेला तेव्हां अक्षरओळख नव्हती. त्याला मास्तर मिळाले, वेळ मिळाला, राहणी मिळाली, आणि त्यानें १९०६ सालीं साऱ्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. वंशानें नव्हे, तर संगोपनानें मनुष्य कोठल्या कोठें जातो याचा या देशांतला सर्वांत मोठा दाखला तो. आणि केवळ भावाच्या कुळावरून विकत घेतलेल्या शिंगराला नातवानें आजोबाचें तेंच नांव दिलें! घोडा वाईट निघाला असें आम्ही म्हणत नाहीं. १९४७ सालीं त्यानें सेंट लेजर जिंकली, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या महालक्ष्मीस १९४३ सालीं पहिली हिंदी डर्बी झाली तीहि बडोद्याच्याच 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' नांवाच्या घोडीनें मारली होती. पुढें १९४९ सालीं बडोदें मुंबई राज्यांत विलीन झालें आणि १९५१ सालीं हिंद सरकारनें प्रतापसिंहरावांची गादी काढून घेतली. तीन लाख ब्याण्णव हजारांत किती शाळांवर कौलें चढलीं असतीं, हा हिशेब मुलांनीं मागितला नाहीं. आमच्याच मनांत आला.

कुळावरून किंमत करणाऱ्यांची फजितीहि पुष्कळ वेळां झाली आहे. अमेरिकेंत १९८३ सालीं 'स्नाफी डान्सर' नांवाचें शिंगरूं एक कोटी दोन लाख डॉलरांस गेलें. तें एकहि शर्यत धांवलें नाहीं. वळू म्हणून ठेविलें तर चारांवर शिंगरें झालीं नाहींत. २००६ सालीं 'ग्रीन मंकी' नांवाच्या दोन वर्षांच्या घोड्याला एक कोटी साठ लाख डॉलर पडले; तो तीनदां धांवला व तीनदां हरला. याच्या उलट, कॅनडांत १९६१ सालीं जन्मलेला नॉर्दर्न डान्सर हा ठेंगणा घोडा शिंगरूं असतांना पंचवीस हजार डॉलरांसहि कोणी घेईना. त्यानें १९६४ सालीं केंटकीची डर्बी जिंकली आणि म्हातारपणीं त्याच्याकडे एक घोडी दाखविण्यास दहा लाख डॉलरांपर्यंत मोजूं लागले. आज त्याचें रक्त जिकडे तिकडे इतकें पसरलें आहे कीं, जवळच्या नात्यांतील जोड्या टाळणें कठीण झालें आहे; आणि नातें जितकें जवळचें, तितका तो घोडा मैदानावर येण्याचाहि संभव कमी, असें २०२२ सालच्या एका शोधांत आढळलें.

मग बीज कांहींच नाहीं काय? असें आम्ही म्हणणार नाहीं. खिलारी गाईचें खोंड आणि पंढरपुरी म्हशीचें रेडकूं ज्यानें वाढविलें, त्याला बीज नाहीं असें सांगणारा मूर्ख ठरेल. प्रश्न आहे तो किती, एवढाच. याचें उत्तर एडिंबरोच्या दोघां विद्वानांनीं २००७ सालीं काढलें. त्यांनीं हजारों घोड्यांच्या जन्मभराच्या कमाईचे आंकडे घेतले. एका घोड्याच्या व दुसऱ्याच्या कमाईंत जो फरक पडतो, त्यांत बीजाचा वांटा दहांत एक. बाकीचा नऊ वांटे फरक चंदी, कुरण, वैद्य, शिकवण, स्वार, मैदान यांचा. महागड्या वळूचीं शिंगरें जास्त कमावतात हें खरें. पण त्याचें कारण बव्हंशीं असें कीं, जो वळूला एवढे पैसे देऊं शकतो तोच उत्तम चाबूकस्वार व उत्तम चारा विकत घेऊं शकतो. मांडवांतल्या त्या गृहस्थांना आम्ही हेंच विचारूं इच्छितों. तुमच्या मुलाला दिवा, पुस्तकें, दूध आणि शिकवणी. आमच्या सुताराच्या मुलाला सकाळीं रंधा, सायंकाळीं शेरडें, आणि परीक्षेच्या दिवशीं उपाशी पोट. मग निकाल लागल्यावर म्हणावयाचें, खाण तशी माती!

त्या नऊ वांट्यांत आमच्या लोकांचे हात किती आहेत हेंहि पहावें. पहांटे चारला उठून खरारा करणारा मोतद्दार कोण? शर्यतीच्या दिवशीं लोखंडी नाल काढून ॲल्युमिनियमचे हलके नाल बेतानें ठोकणारा, एक खिळा चुकला तर लाखाचा घोडा लंगडा करणारा नालबंद कोण? पांडू खाडे, वसंत शिंदे, शामू चव्हाण हीं स्वारांचीं नांवें शर्यतींच्या इतिहासांत आहेत. तीं कोणत्या घरांतलीं हें आडनांवच सांगतें. चषक मात्र धनी घेतो.

पैसे लावण्याच्या व्यसनाविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. ज्या घरांत तें शिरलें तेथें अंगावरचे मणी व शेताचा बांध दोन्ही गेले, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पण कायद्याची एक गंमत सांगतों. घोड्यांची शर्यत हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असा निवाडा सुप्रीम कोर्टानें १९९६ सालीं दिला. आमच्या बैलगाड्यांची शर्यत मात्र ७ मे २०१४ रोजीं त्याच कोर्टानें क्रूरता म्हणून बंद केली. खिलार बैल पाळणाऱ्यांनीं सात वर्षें हेलपाटे घातले. डिसेंबर २०२१ मध्यें तात्पुरती मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें कायदा कायम केला. घोड्याच्या पाठीवर चाबूक उडतो तो दिसला नाहीं, बैलाचा दिसला. अर्थात् शेपटी पिरगाळणारे, चावणारे, आर टोंचणारे आमच्यांत होते व आहेत. त्यांच्यामुळेंच ती पाळी आली, आणि त्यांची बाजू आम्ही घेणार नाहीं.

शर्यतींच्या या घोड्यानें गरिबाचें एक मोठें काम केलें आहे, तेंहि लिहून ठेवितों. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषावर दवाखान्यांत जी लस टोंचतात, ती घोड्याच्या रक्तांतून होते. त्याला विषाचे थोडे थोडे डोस देतात. त्याचें रक्त विषाला तोंड देण्यास शिकतें. मग त्या रक्तांतील पाणी काढून शुद्ध करतात. पुण्याच्या पूनावाला यांच्या १९४६ सालीं निघालेल्या घोड्यांच्या पागेंतून शर्यतीस निरुपयोगी झालेले घोडे या कामासाठीं परळच्या हाफकिन संस्थेकडे जात. त्यावरूनच सायरस पूनावाला यांनीं १९६६ सालीं पुण्यास सीरम इन्स्टिट्यूट काढली. भातांत, उंसांत, रात्रीं पाणी पाजतांना ज्याला पान लागलें व जो जगला, त्याच्या अंगांत घोड्याचा गुण गेला आहे. या कामीं कूळ लागत नाहीं. तट्टू चालतें, खेंचर चालतें.

आणि ज्या भीमथडीच्या तट्टानें दख्खनचे डोंगर पालथे घातले, त्याची वही कोणी ठेविली नाहीं. त्याला सांभाळलें तें धनगरांनीं. पुणें, सातारा, सोलापूर, नगर या मुलुखांत मेंढरांमागें सारा संसार पाठीवर घेऊन चालणारें तें तट्टू गेल्या कांहीं वर्षांत स्वतंत्र जात म्हणून सरकारी यादींत आलें. शेंकडों वर्षें तें होतेंच. यादी आतां झाली.

यांतून घ्यावयाची गोष्ट आम्हांला एकच दिसते, ती म्हणजे वही. इंग्रज पैदासवाल्याचा डौल, त्याचें सोंवळें, त्याचा लिलांव आम्हांला नको. पण कोणती मादी, कोणता वळू, कोणती तारीख, पोर कसें निघालें, हें त्यानें पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेविलें. आमचा शेतकरी खरसुंडीच्या जत्रेंत खोंड घेतो तें शिंग, वशिंड व भोवरा पाहून. त्याच्या आईनें दूध किती दिलें हें विकणाऱ्यालाहि माहीत नसतें. रेतन करणारा येऊन जातो, चिठ्ठी चुलींत जाते, आणि दोन वर्षांनीं तीच कालवड आपल्याच बापाच्या बीजानें फळते.

लग्नाच्या त्या मांडवानंतर आठ दिवसांनीं आमच्या गांवचे एक शेतकरी शाळेंत आले. त्यांची खिलार गाय पंधरवड्यामागें फळविली होती. "गुरुजी, तुमच्याकडे कोरा कागद असेल तर तारीख टिपून ठेवा, घरीं राहत नाहीं," असें म्हणाले. मागल्या वर्षींच्या एका वहींत पुष्कळ पानें कोरीं उरलीं होतीं, तीच घेतली. आतांपर्यंत सात गाई, दोन म्हशी व एका धनगर बंधूची घोडी इतक्यांच्या नोंदी झाल्या आहेत. सातवींतील दोन मुली रकाने आंखण्याचें काम करतात. पहिला रकाना त्यांनीं आईचा ठेविला आहे.